काकांचे बारके शब्द

रविवारी सकाळी नामदेवकाका फाटकातूनच हाक मारायचे, "मॅडम जी, 'हँग ऑन' म्हणजे का होय?" माझा ब्रश अजून तोंडातच असायचा.

सौंदडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला होते आणि काका माझे शेजारी. रेल्वेतून निवृत्त झालेले बुकिंग क्लार्क. जन्मभर इंग्रजीत अर्ज खरडले; 'इन्कन्व्हिनियन्स'चं स्पेलिंग झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगतील! पण मुलगी ऑस्ट्रेलियात, आणि तिचा सात वर्षांचा आरव दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलणार तो इंग्रजीतच. त्याला मराठी कळत नसे आणि काकांना त्याचं इंग्रजी.

"मोठ्या शब्दाईले मी भीत नाई जी," काका म्हणायचे, "हे बारकेच छळून राहिले. 'गिव्ह' येते, 'अप' येते. दोघं एका जागी आले का मले वळखच देत नाईत!"

मी मोठ्या हौसेने त्यांना एक पुस्तक दिलं. दुसऱ्या दिवशी परत. "यात माहा आरव कुठी हाये?" म्हणे. त्यांना आरव बोलला तेवढंच हवं असायचं, आणि बोलताना त्याचं तोंड कसं होतं तेही ते करून दाखवायचे. 'शो ऑफ'साठी छाती काढून अंगणात असे काही चालले की मी पोट धरून हसले. वैताग यायचा हो, हक्काची सुट्टी माझी! पण फाटक वाजलं नाही तर मीच खिडकीतून डोकावायचे.

एका रविवारी मात्र नक्कल नव्हती. "'पिक ऑन' का होय? सांगताना पोरगा खाली पाहून राहिला होता. माय बाजूलेच होती, तिनं हसून सोडून देल्लं."

"एकाच पोराला धरून सारखा त्रास देणं," मी म्हटलं.

काका ओट्यावर बसले. तिथूनच मुलीला फोन लावला. "शाळेत पोराले कोणीतरी तरास देऊन राहिला. तुले इंग्रजी येते ना? मंग ऐकलं काऊन नाई?" ती आधी चिडली, मग रडली. सोमवारी शाळेत जाऊन बाईंना भेटली.

पुढच्या रविवारी काका धापा टाकत आले. "'स्टूड अप टू देम' म्हणते जी! माह्याच पोराले वर्गात उभं ठेवलं? शिक्षा याले कायले?"

"अहो, शिक्षा नाही! तो घाबरला नाही. त्यांच्यासमोर ताठ उभा राहिला, 'बस झालं' म्हणाला."

काकांनी कुंपणापलीकडे आरोळी ठोकली, "ऐकलं का वो? पोरगा आज्यावर गेला!"

"कोणत्या आज्यावर?" काकू आतून कडाडल्या. "तुमी तं स्टेशन मास्तर दिसला का टेबलाखाली पेन शोधत होते!"

काका हसले, इतके की डोळ्यांत पाणी आलं. मग हळूच म्हणाले, "खरं हाये तिचं. मॅडम जी, आता म्हातारपणी मीच नातवावर जातो. हे त्याले इंग्रजीत कसं सांगू?"

"'आय टेक आफ्टर यू' म्हणा," मी म्हटलं, "पुन्हा बारकेच शब्द, काका!"