खराब बिड्या आमच्यासमोर मोडा!

मंडळी, आज दुपारी शेजारच्या नरसम्मा आक्कांकडे बसले होते. सत्तरच्या दशकात त्या इथंच सोलापुरात बिड्या वळायच्या.

कारखान्यातला तपासणारा रोज मूठमूठ बिड्या ‘खराब’ म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी नाही, बिड्याही परत नाहीत. वर त्या विकल्या जायच्याच!

एके दिवशी युनियनच्या सगळ्या बायका भरलेल्या टोपल्या मांडीवर घेऊन दारातच बसल्या. मागणी एकच: खराब बिड्या आमच्यासमोर मोडा. कामावरून काढायची धमकी आली, तरी एकही उठली नाही. शेवटी मालक कबूल झाला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय! दुसऱ्या दिवसापासनं आमच्या बिड्या लई चांगल्या व्हायला लागल्या की!”

काय बायका होत्या! तुमचं काम खराब ठरवणारा ते फेकून देतो का हो, की ठेवून घेतो?