बाटली बाहेर होती

"हात काढ आधी. त्या फ्रिजमध्ये माझं ताक आहे."

सर एवढंच म्हणाले. चार विद्यार्थी बघत होते. माझ्या हातात एन्झाइमची बाटली होती. मी लॅब अटेंडंट. तिशीचा, एका मुलीचा बाप. मी हात काढला.

त्याच आठवड्यात सरांना कळलं होतं, मी देवळाली कॅम्पात कुठल्या वस्तीत राहतो ते. मग रीतच पडली. फ्रिज मी उघडायचा नाही. बाटली स्टुलावर ठेवायची, कुणी विद्यार्थी आत ठेवील. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पाळायचे सगळे. मीही.

सरांचं संशोधन प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमवर. त्याला अडवणारा पदार्थ ते पेठ तालुक्यातल्या एका रानकंदात शोधत होते. पुढं औषध होईल म्हणत. तपासणी सोपी. नळीत पातळ दूध, त्यात एन्झाइम. दूध निवळलं, तर एन्झाइम काम करतंय. कंदाचा रस घालून दूध पांढरंच राहिलं, तर रसानं त्याला अडवलं.

पण हे एन्झाइम गार ठेवावं लागतं. उकाड्यात ते स्वतःलाच तोडतं. संपतं.

मे महिना. सकाळी सरांनी रसाशिवाय नळी लावली, दूध निवळलं. बाटली मी स्टुलावर ठेवली. विद्यार्थी जेवायला गेले, तिकडूनच कुठल्याशा व्याख्यानाला. चार तास बाटली तिथंच. फ्रिज तीन पावलांवर. मी उघडला नाही. सर यायच्या आधी कुणीतरी ती आत सरकवली.

दुपारी त्याच बाटलीतून सरांनी रसाच्या नळ्या लावल्या. दूध पांढरंच. सरांना आनंद मावेना. पेढे आले. माझ्या तळहातावर पेढा वरून पडला.

सगळे गेल्यावर मी त्या बाटलीतलं एन्झाइम नुसत्या दुधात घातलं. रस नाही, काही नाही. तरी पांढरंच.

एन्झाइमच उकाड्यात संपलं होतं. रसानं काही अडवलंच नव्हतं. पण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न, बाटली बाहेर कुणी ठेवली? मी हंगामी होतो. गप्प बसलो. सरांचा लेख छापून आला.

पुढं कळवणकडची एक मुलगी पीएचडीला आली. तेच काम तिच्याकडे. रस घालूनही तिचं दूध दर वेळी निवळायचं.

"दादा, माझं काय चुकतंय? तुम्ही तर तेव्हा होता ना?"

मी नळ्या धूत राहायचो.

वर्षभरानं सरांनी तिला सगळ्यांपुढं झापलं. "नांगर धरणारे हात हे. यांना कसली आलीय अचूकता!"

तरी ती म्हणाली, "सर, लेखातल्या प्रयोगाच्या दिवशी एन्झाइम बाहेर राहिलं असेल का?"

सर माझ्याकडे वळले. "काय रे, बाटली फ्रिजमध्येच होती ना?"

"हो सर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या प्रगती अहवालावर 'निष्काळजी' असा शेरा पडला. तिनं पीएचडी सोडली.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. त्यांच्यावर गौरवग्रंथ निघतोय. "तूही चार ओळी लिही रे. ग्रंथात तुमच्यातलं एक नाव हवं. बरं दिसतं."

एवढ्या वर्षांनी मी 'तुमच्यातला'च. मी बोललो, "सर, त्या दिवशी बाटली बाहेर होती. चार तास. तुमच्या ताकापायी."

सर शांतपणे म्हणाले, "तुझी मुलगी अजून आमच्याच संस्थेत आहे ना? कंत्राटावर?"

तेव्हापासून दाराची कडी वाजली की आधी फटीतून बघतो. मुलीला सगळं सांगितलं. ती चिडली. "पप्पा, आता? माझं कंत्राट संपायला आलंय, आणि आता?" थोड्या वेळानं हळूच विचारलं, "ती मुलगी काय करते हो आता?"

कळवणला शाळेत शिकवते. एवढंच मला ठाऊक.

म्हणून हे लिहिलं. भीती गेलेली नाही, आणि ती जायची वाट आता बघणार नाही. एक प्रत संस्थेच्या चौकशी समितीला. दुसरी घेऊन सकाळच्या एसटीनं कळवणला जातोय. ती दार लावून घेईल. माफी मागायला जातच नाही मी. तिच्या नावापुढचा शेरा खोटा आहे, आणि त्याचा साक्षीदार जिवंत आहे. तो शेरा खोडला जाईपर्यंत ज्या टेबलासमोर बोलावतील तिथं मी जाईन, आणि सरांच्या तोंडावर सांगेन.