काटोलच्या कपावरचा अंगठा

आधीच सांगून टाकतो, भूतखेत, करणी, अंगात येणं यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. माझा मेहुणा प्लँचेटवर नातेवाइकांना बोलवायचा, तेव्हा मी त्याला विचारायचो, "अन् त्यांना यायला रजा कोण मंजूर करतं?" सारं घर हसायचं... आता त्या मेहुण्यासमोर हा विषय निघाला की मीच उठून गॅलरीत जातो.

माझा पेशाही विश्वास न ठेवण्याचाच होता. मी सरकारी ऑफिसात बोटांचे ठसे घ्यायचो. नागपूर, सिव्हिल लाइन्स, एका जुन्या इमारतीचा तळमजला, व्हरांड्याच्या टोकाची खोली. ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पाकिस्तानातून नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना पुन्हा व्हिसे मिळू लागले होते. सीमेवर उतरलं की तिथं त्यांचे ठसे घेत, आणि नागपुरात पोचल्यावर चोवीस तासांत माझ्या टेबलापाशी पुन्हा दहाही बोटं. दोन्ही कागद जुळवायचे, मगच मुक्कामाचा शिक्का. जाताना पुन्हा अंगठा. म्हणजे आलेला माणूस आणि जाणारा माणूस एकच, याची खात्री. जरीपटक्यातले सिंधी, मोमिनपुऱ्यातले मुसलमान, कोणाचा भाऊ, कोणाची बहीण... माणसं रडत यायची आणि मी म्हणायचो, "बोट ढिलं सोडा, जोर लावू नका."

मला माझ्या कामाचा गर्व होता. काचेवर शाईचा थेंब, त्यावर रूळ फिरवायचा, थर कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. मग बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचं, एकदाच. उन्हाळ्यात मात्र नागपूरची शाई दुपारी अशी पातळ व्हायची की रेषा एकमेकींत मिसळायच्या. तसा ठसा मी चालू द्यायचो नाही. साहेबांना चालायचा, मला चालायचा नाही. सगळं ऑफिस मला नियमावर बोट ठेवणारा म्हणायचं, आणि मला ती तारीफ वाटायची.

एप्रिल होता. जुबेदाबी आली ती शुक्रवारी दुपारी. वय पंचेचाळीसच्या आसपास, सोबत धाकटा भाऊ रहीम. मी सवयीनं हिंदीत सुरू केलं, तर ती हसली.

"मराठीत बोला ना भाऊ. मी काटोलचीच हावो. बावीस वर्षं झाली कराचीले जाऊन, पण बोली काही गेली नाही."

तिच्या वडिलांचा काटोलला संत्र्याचा बगीचा. डाव्या अंगठ्यावर तिरपा पांढरा वण होता. लहानपणी संत्र्याची कलमं बांधताना चाकू लागला होता, म्हणाली. ठसेवाल्याला असा वण म्हणजे पर्वणी. वणानं अंगठ्यावरच्या रेषांच्या चक्राचे बरोबर दोन तुकडे केले होते. दहा हजारांत ओळखू येईल असा अंगठा.

अडचण व्हिसाची होती. व्हिसा फक्त नागपूर शहराचा, आणि तिची आई काटोलला, लकवा मारून अंथरुणावर. शहराबाहेर पाऊल टाकायचं तर वेगळी परवानगी, अर्जाच्या चार प्रती, प्रत्येकीवर अंगठा.

"तिले बसमंदी घालून आणता येत नाही," ती म्हणाली. "मीच जातो ना तिच्यापाशी. दोन तास बसतो अन् वापस येतो."

मी चारही प्रतींवर अंगठे घेतले. तीन चांगले उमटले. चौथा फिसकटला, वणाची कडच दिसेना. साहेब आत सही करायला बसलेलेच होते. तसाच नेला असता तर त्यांनी वर पाहिलंही नसतं. पण मी त्या प्रतीवर 'ठसा अस्पष्ट' असा शेरा मारला आणि चारही कागद परत दिले. एक खराब म्हणजे संच खराब, हा माझाच नियम.

"नव्या प्रती टाइप करून आणा. उद्या साहेब दौऱ्यावर आहेत, परवा रविवार. सोमवारी सकाळी या, सकाळी शाई घट्ट असते."

"माय सोमवारपरेंत राह्यली पायजे ना भाऊ," ती म्हणाली. ओरडली नाही, रडलीही नाही. तेच जास्त लागलं, पण तेव्हा नाही... नंतर.

रहीम मात्र चिडला. "एका अंगठ्यापायी काहून अडवता साहेब?"

"माझ्या हातात काही नाही," मी म्हणालो. सगळं माझ्याच हातात होतं.

सोमवारी ऑफिस उघडलं तेव्हा ती व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली. रहीम आईजवळ काटोलला थांबला होता, ही एकटीच आली होती. मी काच पुसली, शाई लावली. अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला अंगठा घेतला. वेळ रजिस्टरमध्ये लिहावी लागायची, म्हणून पक्की सांगतो. पहिली प्रत, दुसरी, तिसरी — एकेक ठसा कोरल्यासारखा. चौथीच्या वेळी मी तिचा अंगठा शाईवर फिरवला आणि कागदावर दाबला.

काही उमटलं नाही.

कागद कोरा. मी तिचा अंगठा उलटून पाहिला, तर तोही कोरा. शाईचा डाग नाही, नखाच्या फटीतसुद्धा नाही. एका क्षणापूर्वी मी स्वतः काळा केलेला अंगठा! आणि तिचा हात माझ्या हातात असा गार पडलेला, की एप्रिलच्या त्या उकाड्यात माझ्या अंगावर काटा आला. ती खिडकीकडे पाहत होती. पापणी हलत नव्हती. ओठ तेवढे हलले.

"तोंड कोरडं पडलं हो तिचं..."

"बाई? ओ बाई!"

ती दचकली, माझ्याकडे पाहिलं. "हो भाऊ. झालं का?"

मी पुन्हा शाई लावली, ठसा नीट आला. कागदाला तेल लागलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. शाई कुठे गेली, याचा विचारच केला नाही, कारण तो केला असता तर काम थांबलं असतं. रॉकेलच्या फडक्यानं तिची बोटं मीच पुसून दिली.

साहेबांची सही व्हायला तीन वाजले. तोवर ती माझ्या दारासमोरच्या बाकावर बसून होती. मी दहादा तरी मान वर करून पाहिलं असेल, कारण मला आता लाज वाटू लागली होती. कागद हातात पडताच ती एसटी स्टँडकडे अक्षरशः पळाली.

आई सकाळीच गेली होती.

हे मला गुरुवारी कळलं, आणि कळलं तेही कसं... साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर लाखेची सीलं लावलेली कापडी पुरचुंडी आणि एक पंचनामा.

"हे पाहा जरा. तुमची ती काटोलवाली बाई परवानगीच्या आधीच तिकडे जाऊन आली म्हणतात."

पुरचुंडीत चिनीमातीचा पांढरा कप होता, कान तुटलेला. त्याच्या पोटावर काळ्या शाईचा अंगठा.

हकिगत अशी होती. सोमवारी सकाळी रहीम औषध आणायला बाहेर गेला होता. शेजारच्या गंगूबाई जुबेदाबीच्या आईला पाहायला आल्या, तेव्हा म्हातारीचे ओठ ओले होते आणि ती हसत होती. दोन दिवस तिच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. ती गंगूबाईंना म्हणाली, "जुबी आली वं. पाणी पाजलं तिनं मले." अन् थोड्या वेळानं गेली. उशाशी हा कप. जुबेदा आली, जुबेदा आली — अशी गल्लीभर बोंब झाली. पाकिस्तानातून आलेल्या बाईवर नजर ठेवायला सांगितलेला एक जमादार धावत आला, आणि त्यानं कप जप्त केला. पंचनाम्यावर वेळ दुपारचे दोन. दोन पंचांच्या सह्या.

दोन! तीन वाजेपर्यंत ती माझ्या डोळ्यांसमोर बाकावर होती. मध्ये साठ किलोमीटर.

"तुलना करा अन् लेखी द्या," साहेब म्हणाले. "जुळला तर तिले अटक. अन् तुमचं रजिस्टर खोटं ठरते, हे ध्यानात घ्या."

रविवारी तिची परतीची गाडी होती. पलीकडे तिची तीन मुलं. अटक झाली असती तर ती मुलांना कधी दिसली असती, देव जाणे.

मी कप खोलीत आणला, दार लावलं, भिंग काढलं. मला स्वतःचाच राग येत होता. मी काय शोधत होतो? नाही जुळावा, हेच. पण तिरपा वण. वणानं दोन तुकडे केलेलं चक्र. वरच्या बाजूला फाटा फुटलेली रेष, तिच्या खाली एक ठिपका. मी जुळणाऱ्या बारा खुणा मोजल्या, ओळख पक्की ठरायला तेवढ्या पुरतात, आणि मोजणं थांबवलं. आणि शाई? दौतीची नव्हती, शिक्क्याच्या पॅडची नव्हती. रूळ फिरवलेली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. तशी शाई काटोलात कोणाच्या घरी असणार? तो थर माझ्या हातचा होता, मला माझं काम कळतं.

दोन तास मी त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. पाणी प्यायलो, पुन्हा बसलो, पुन्हा भिंग घेतलं, पुन्हा उठलो. मग कागदावर लिहिलं: 'कपावरील ठसा सदर महिलेचा नाही.' खाली सही केली. साऱ्या नोकरीत मी दिलेला तो एकमेव खोटा अहवाल. साहेबांनी वाचला, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि फाइल बंद केली.

शनिवारी ती जाण्याचा शिक्का घ्यायला आली. साहेब नेमके माझ्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर जुने कागद चाळत बसले होते. मी तिचा अंगठा घेतला, मान वर न करता. ती उठेना.

"भाऊ, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"तो कप तुमी तपासला म्हणते रहीम. गंगूबाई शपथ घेऊन सांगते का मी आलतो. मले तर काहीच आठवत नाही... मी इथंच होतो तुमच्यापाशी. पण तो अंगठा माया असंन, तर माय मायाच हातचं पाणी पिऊन गेली ना? मंग मी सुखानं जाईन गा. नाही तर बावीस वर्षांनी आलो अन् तोंडही नाही पाह्यलं, हेच घेऊन जाणं हाये."

साहेबांचं कागद चाळणं थांबलं होतं.

मी साहेबांकडे पाहिलं नाही. तिच्याकडेही पाहिलं नाही. रुळाकडे पाहत म्हणालो, "नाही बाई. तुमचा नव्हता."

"बरं," ती म्हणाली. फडक्यानं अंगठा पुसत राहिली, शाई निघून गेल्यावरही पुसत राहिली. मग मलाच म्हणाली, "तुमाले लय तरास देल्ला भाऊ." आणि गेली.

या गोष्टीचा उलगडा मी आजवर अनेकांना विचारला. एका डॉक्टर मित्रानं म्हातारीला भास झाला म्हटलं. ठीक, म्हातारीला झाला असेल. कपाला कसा होईल? कोणी म्हणालं जमादारानं बनाव केला. पण माझ्या शाईतला, माझ्या टेबलावरचा अंगठा त्याला मिळाला कुठून? पंचनाम्याची वेळ चुकली म्हणावं, तर बोटं पुसून गेलेली बाई संध्याकाळी ठसा कशानं उमटवणार? मी सगळ्या बाजूंनी विचार करून थकलो. निवृत्त झालो, तरी स्वस्थता नाही. जेवताना, बसमध्ये, कोणाशी बोलता बोलता एकदम मनात येतं की साहेब चहाला गेले असते तर...

तिचा कराचीचा पत्ता रजिस्टरमध्ये होता. मी तो उतरून घेतला होता. चार वेळा पत्र लिहायला बसलो, चारही वेळा भ्यालो. खोटा अहवाल, सरहद्दीपलीकडे पत्र, नोकरी, पेन्शन... पुढे पत्ताच हरवला. ती असेल तर आता खूप म्हातारी असेल. हे ज्यात छापून येईल तो अंक तिच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला कळतं. तरी लिहितो.

जुबेदाबी, मी खोटं बोललो. तो अंगठा तुमचाच होता. माय तुमच्या हातचं पाणी पिऊन गेली.