कॉम्प्युटरातली माती

दोन हजार तेवीस साल, माझं वय तेव्हा बहात्तर. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या नातीनं मी घडवलेला नांगराचा फाळ मापं घेऊन लॅपटॉपातल्या नकली रानात चालवला, तर तिथं तो सरळ राहिला. आमच्या देवणी गावच्या खऱ्या रानात मात्र वाकला. ती म्हणाली, "आबा, तुमचं लोखंडच कच्चं हाय." लोहारकीत जन्म गेलेला मी, हे ऐकून घेतो व्हय! म्हणालो, "लोखंड न्हाई, तुझी माती खोटी हाय," आणि रानात नेऊन तिच्याच हातानं सळई रोवायला लावली. वीतभर सहज गेली, मग जागची हलेना. "ट्रॅक्टर फिरून फिरून खाली हा टणक थर बसलाय. हाय का हा तुझ्या मातीत?" नव्हता. बांधावरच बसून तिनं त्या थराचा कोड लिहिला. लॅपटॉपात सोय नव्हती, म्हणून इंटरनेटवर चढवून तिकडंच कंपाईल केला, म्हणजे चालता केला. दोनदा चूक दाखवणारी लाल अक्षरं आली. तिसऱ्यांदा जमलं, आणि पडद्यावरचा फाळ नेमका माझ्या फाळासारखा वाकला. "आता बोल!" मी म्हणालो. ती हसली, "व्हय, माती खोटी होती. पण आबा, फाळ टोकाला पातळच हाय की." दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आत, मी भट्टी पेटवून टोकाला जाड असा नवा फाळ घडवला.