पाळण्यातलं शेवटचं कडवं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांनाही नाही.

तुम्ही दोघांनी माझी आवडती गाणी मागितलीत, प्रत्येकाची एक आठवण जोडून. मी वहीत क्रमांक घालून अकरा लिहिली – रेडिओवरची, कॉलेजातली, दोन इंग्रजीही. बाराव्यापाशी तीन दिवस अडले आहे. ते तुमच्या ओळखीचं आहे. ‘आजीचा पाळणा’. फोनवर तो ऐकतच झोपायचात ना तुम्ही?

तो माझा नाही.

तो आक्कांचा, माझ्या थोरल्या जावेचा. त्यांनी शाळा पाहिली नाही. मेंढरांमागे पार धर्मापुरीपर्यंतची रानं तुडवली. बाभळीला झोळी बांधून लेकीला निजवताना त्यांनी तो जुळवला. शेवटच्या कडव्यात लेकीचं नाव होतं – सोनी – आणि तिच्या कुशीत निजलेलं कोकरू. सोनी अकरा महिन्यांची असताना तापानं गेली. तिचा फोटो नाही. होतं ते एवढंच, चार ओळी. आक्का भाकरी थापताना त्या गुणगुणायच्या. ऐकून ऐकून मला पाठ झाल्या.

तुमच्या बाबांच्या बारशाला पाळणा मी म्हटला. पाळण्यात बाळाचं नाव गुंफायचंच असतं – म्हणून सोनीचं काढलं, माझ्या मुलाचं घातलं. कोकराच्या जागी लेखणी आणली. ‘हाय’चं ‘आहे’ केलं. बायका म्हणाल्या, “शिकलेली सून हाय, सोताच रचलंय बगा!” मी नुसती हसले. आक्का पाळण्याची दोरी ओढत होत्या. ओढतच राहिल्या.

“लई झ्याक म्हनलीस, मास्तरीनबाई,” इतकंच म्हणाल्या.

एवढीच चूक असती तर – तर कधीच सांगून टाकली असती, नाही का? कुणास ठाऊक.

तुम्ही लहान असतानाची गोष्ट. आक्का थकल्या होत्या, विसरायला लागल्या होत्या. आम्ही त्यांना केजला आमच्याकडे आणलं. तुमचे बाबा सुट्टीवर आले होते. ओसरीवर बसून तोच पाळणा स्वतः म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करत होते, तुमच्यासाठी. “माझ्या आईनं माझ्या बारशाला रचलेला,” असं आधी बोलूनही घेतलं त्यांनी. आक्का माझ्याजवळ सरकल्या.

“बाई, ह्याच्यात माज्या सोनीचं कायतरी व्हतं की गं. मला गावंना झालंय. तुला येतंय का?”

येत होतं. शब्दन् शब्द येत होता. अजून येतो. पण समोर मुलगा बसला होता – गाणं थांबवून आमच्याकडे बघत.

“नाही आक्का,” मी म्हटलं, “असं काही नव्हतं त्यात.”

त्यांनी जरा वेळ आठवून पाहिलं.

“न्हाई व्हय? मग न्हाईच आसंल. तू शिकलेली हाईस.”

मी मेथी निवडत होते. दुसरी जुडी घेतली. वाईट वाटलं का? तेव्हा काहीच वाटलं नाही. आता लिहितानाही वाटत नाही, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर आक्का सात महिने होत्या. दुपारी घर रिकामं असायचं, आम्ही दोघीच. चहा घेऊन मी त्यांच्यासमोर बसायची.

मी सांगितलं नाही.