मालक नसलेली वही

येलदरी रस्त्यावरच्या एका गावात सूर्यभान गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा जिंतूरहून यायचे. उरलेले दिवस गाव त्यालाच डाक्टर म्हणायचं. जखम धुणं, खूर कापणं, पोट फुगलेल्या म्हशीच्या घशात नळी घालणं, सगळं त्याला जमायचं. फक्त काम झाल्यावर माणूस बसवून ठेवणं जमत नव्हतं.

त्याचं कारण जुनं होतं. अठ्ठ्याहत्तर साली गावातल्या हॉटेलात तो एवढंच म्हणाला होता, की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं तर आपल्या ताटातलं काय कमी होणार आहे? त्याला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. लोक गुरं आणत राहिले, पण चहाला थांबेनासे झाले. चार वर्षांनी बायको, केवळाबाई, वारली. मुलगी लग्न होऊन हिंगोलीकडे गेली. मग दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं ते गुरांविषयी.

बाकीचं बोलणं छापील होतं. परभणीच्या एका साप्ताहिकात ‘चावडी’ नावाचं वाचकांच्या पत्रांचं पान यायचं. सूर्यभान त्यात लिहायचा आणि मानवतचे दत्तराव त्याला खोडून काढायचे. दत्तरावांचं भुसाराचं दुकान होतं. नामांतराला त्यांचा विरोध होता आणि संकरित गाईंना पाठिंबा. सूर्यभानचं दोन्ही बाबतीत उलट. लाल कंधारी गाय सोडून दुसरं जनावर या उन्हात टिकणार नाही, असं तो लिहायचा. सेलूच्या शाळेतल्या सगुणाबाई मधूनच दोघांना झापायच्या: ‘दोन्ही गृहस्थांनी आधी आकडे तपासावेत.’ सात वर्षांत तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी अंक आला, की सूर्यभान पहिल्यांदा शोधायचा ते दत्तरावांचं नाव.

पंच्याऐंशीत साप्ताहिकाचा मालक बदलला. पत्रासोबत अंकातलं कूपन कापून लावणं सक्तीचं झालं. पत्रं आठ ओळींवर आली. मग एका अंकात दत्तरावांच्या पत्राखाली चौकट आली: ‘नामांतराविषयीचा पत्रव्यवहार आता बंद करण्यात येत आहे. – संपादक.’

सूर्यभान उत्तर खिशात घालून परभणीला गेला. टेबलावरच्या माणसाने प्रूफातून डोकं वर काढलं.

“तुमीच का ते सूर्यभान? लय लिवता राव तुमी.”

“माझं उत्तर राहिलंय.”

“विषय बंद झालाय.”

“त्यांचं छापून बंद केला. मला माझा एक डाव तर द्या.”

“मालकाला जाहिराती बघाव्या लागतेत, भाऊ. गाईवर लिवा की. गाईवर तुमाला कोण न्हाई म्हणायलंय?”

परतल्यावर त्याने ‘चावडी’त लिहिणाऱ्या अकरा जणांना कार्डं टाकली. योजना साधी होती. एक वही गावोगाव फिरेल. ज्याच्याकडे येईल त्याने वाचावी, आवडेल ते आपल्या वहीत उतरवून ठेवावं, स्वतःचं लिहावं आणि पुढं धाडावी. कुणी कापणार नाही, कुणी विषय बंद करणार नाही. वहीला मालक नाही. ती हरवलीच, तर प्रत्येकाकडे आपापली नक्कल असेल.

सूर्यभानला खरं तर एकच होकार हवा होता. दोन आले. सगुणाबाईंनी ‘चालेल’ एवढंच लिहिलं. दत्तरावांचं कार्ड होतं: ‘येतो. तुम्हाला मोकळं सोडून कसं चालेल?’ ते कार्ड सूर्यभानने महिनाभर खिशात वागवलं.

येलदरी-मानवत गाडी तिन्ही गावांवरून जायची. तिच्या कंडक्टरने, भुजंगने, पुडकं हातात तोलून पाहिलं.

“काय हाय डाक्टर ह्यात? औषध?”

“भांडण हाय.”

“मंग ठेवा. भांडणाला आजून तिकीट न्हाई लावलं सरकारनं.”

पहिला फेरा पाच आठवड्यांनी परत आला. सूर्यभानने दवाखान्याचं दार लावून वही उघडली. त्याने स्वतः सवयीने वर ‘मा. संपादक’ लिहिलं होतं, ते आत्ता त्याच्या ध्यानात आलं. सगुणाबाईंनीही तेच लिहिलं होतं. दत्तरावांनी तर शेवटी ‘कृपया प्रसिद्धी द्यावी’ अशी विनंती करून खाली सही ठोकली होती. प्रसिद्धी देणारा कुणी उरला नव्हता, हे तिघांच्याही हाताला अजून कळलं नव्हतं. तो एकटाच मोठ्याने हसला. दारात बांधलेल्या गोऱ्ह्याने कान टवकारले.

दुसऱ्या फेऱ्याला दत्तरावांचा मजकूर अर्धं पान झाला, तिसऱ्याला चार ओळी. चौथ्याला वही मानवतहून आलीच नाही. दोन महिने वाट पाहून सूर्यभान रजा टाकून गेला.

दुकानात ज्वारीच्या पोत्यांमध्ये एक ठेंगणा, चष्मेवाला माणूस बसला होता. सूर्यभानने नाव सांगितलं, तसे ते उठून उभे राहिले.

“अरे! मी तर तुमाला धिप्पाड समजून बसलो होतो. च्या घ्या.”

चहा आला. पाऊसपाणी झालं, जिंतूरच्या रस्त्याचे खड्डे झाले. कागदावर चार-चार पानं भांडणाऱ्या दोघांना पुढे काही सुचेना. शेवटी सूर्यभानने विचारलं, “वही?”

दत्तरावांनी फळीवरून ती काढली. वर धूळ होती.

“रागावू नका. पण छापून आलं का बाजारात धा लोक इच्यारतेत, दत्तराव, लय हाणलं तुमी त्याला. हितं कोण वाचणार? त्या बाई अन् तुमी.”

“मी तुमच्यासाठीच लिवायलो होतो.”

दत्तरावांनी चष्मा काढून धोतराने पुसला. “तुमी बी या की माघारी. कूपन मी देतो. दोन अंक घेतो मी.”

“अन् नामांतर?”

“ते सोडून बोलू. गाई हायत्या की.”

सूर्यभानने वही घेतली.

पुढच्याच महिन्यात ‘चावडी’त दत्तरावांचं गाईंवरचं पत्र आलं, आठ ओळींचं. सूर्यभानने अंक घेणं बंद केलं होतं. त्याने ते जिंतूरला न्हाव्याच्या दुकानात वाचलं. रात्र पडायच्या आत वहीत सात पानी उत्तर लिहिलं आणि मानवतला कार्ड टाकलं: ‘तुमच्या पत्राचं उत्तर वहीत आहे. सेलूहून गुरुवारच्या गाडीने येईल. स्टँडवर उतरवून घ्यावे.’

शुक्रवारी तो रस्त्यावर गाडीला उभा राहिला. भुजंगने खिडकीतून पुडकं बाहेर काढलं. बांधलेली गाठ तशीच होती.

“पाऊण तास थांबली गाडी मानवतला. कुणी आलं न्हाई घ्यायला. दुकानावर माणूस बी धाडला मी. म्हनले, नंतर बघू.”

सूर्यभानने गाठ सोडली. सात पानांनंतर सगुणाबाईंचं एकच वाक्य होतं: ‘दुधाचे आकडे बरोबर आहेत, वैरणीचे पुन्हा पाहा.’ त्याने पुन्हा गाठ मारली.

“परत कवा न्यायची?” भुजंगने घंटीची दोरी धरून विचारलं.

“वैरणीचं बघून सोमवारी देतो,” सूर्यभान म्हणाला. “सेलूलाच उतरवत जा. मानवतला नका नेऊ आता.”