लाल रेघेच्या आत

मंगळवार पेठेतल्या अंबूबाईला गाडी चालवता येत नाही. पण जीपमध्ये बसली की इंजिन सुखात आहे की दुखात, हे ती डोळे मिटून सांगते. माहेर मुरगूडचं. लग्न होऊन आली तेव्हा दारात दोघी उभ्या होत्या, सासू आणि चार सिलिंडरची जुनी पेट्रोल जीप. आवाज दोघींचाही मोठा. सासू गेली, जीप राहिली.

नवरा केरबा म्हशी राखतो, दूध घालतो. नदीकाठच्या रानातनं रोज ओली वैरण आणायची ती ह्याच जीपनं. चिखलात चारी चाकांना जोर देऊन, पहिल्या गिअरात, धडधड धडधड करत. अंबूबाई शेजारी, मांडीवर विळा.

आता कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची आणि मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढं धुरळा उडवायचा. गाडीचा आवाज ओळखून म्हैस मागनं पळत आली की मालकाची मान ताठ. गेल्या साली केरबाच्या डोक्यात आलं, मोटारसायकल काय, सगळ्यांकडंच हाय! त्यानं जीपचाच सायलेन्सर काढला आणि उभ्या जाग्यावर अशी रेस केली, की इंजिनातला रॉड तुटून कूस फोडून बाहेर आला. म्हैस बिचारी उलट्या दिशेनं पळाली.

हातकणंगल्याच्या अण्णाप्पा मिस्त्रीनं कुठनं कुठनं सामान जमवून इंजिन उभं केलं. वर इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा काटा बसवला आणि त्याच्या काचेवर साडेतीन हजारापाशी लाल रेघ ओढली.

"केरबातात्या, ह्यातला पिस्टन वरखाली लांबचा पल्ला मारतोय. हे इंजिन ओढायसाठी केलंय, पळायसाठी न्हवं. रोजचं दोन-अडीच हजारांत चालवा. घाटात उताराला खालच्या गिअरात सोडलासा तरी काटा चढतोय, तवा ब्रेक धरा. आणि उभ्या गाडीत रेस तर अजिबात न्हाय. वजन नसलं की क्षणात वर जातंय. रेघंच्या खाली संसार, वर मसणवट."

"आणि परत तुटलं तर?" अंबूबाईनं विचारलं.

"तर भंगारात घाला, काकी. रॉड ज्यावर फिरतोय तो क्रँक दुसरा आता मिळायचा न्हाय."

तेव्हापासनं अंबूबाईचं एक लक्ष रस्त्यावर आणि एक काट्यावर. जीप गेली तर वैरण कशानं आणायची? आणि वैरण नाही तर दूध कुठलं?

ह्या पाडव्याला केरबानं परत सायलेन्सर काढला. "नुसता आवाज गं, अंबू. रेघ वलांडत न्हाय, शप्पत."

"व्हय, बघतो की," म्हणून ती नवं लुगडं नेसून शेजारी चढून बसली.

पलीकडच्या गल्लीतल्या हंबीररावाची म्हैस मोटारसायकलमागं बाणासारखी गेली. मग केरबाची पाळी आली. म्हशीचं नाव चिमणी, अंगानं हत्तीण. केरबानं रेस दिली. चिमणीनं कान पाडले आणि चारी पाय रोवून उभी राहिली.

"केरबा, म्हैस हाय का पुतळा?" हंबीरराव ओरडला. "का गेल्या सालाचं भ्या अजून गेलं न्हाय तिचं?"

लोक खदाखदा हसले. केरबाचे कान लाल झाले, पाय आणखी खाली गेला. काटा तीन हजारावर, मग त्याच्याही पुढं. पायाखालचा पत्रा थरथरू लागला. लाल रेघ आता बोटभरच लांब राहिली होती.

अंबूबाईनं हात घातला आणि चावी फिरवली. सगळं गप्प.

"अगं, इज्जत चालली की माझी!"

"इज्जत उद्याच्याला परत मिळंल. क्रँक मिळणार हाय का? असल्या आवाजाला ती म्हैस गेल्या सालापासनं भ्याली हाय. तिला रोजची जीप ठावं हाय. वैरण घेऊन आल्यागत चला बघू."

केरबा पुटपुटला, पण त्यानं गाडी चालू केली. पहिला गिअर, हळू पाय. धडधड धडधड. काटा दीड हजारावर आरामात बसला.

चिमणीचे कान उभे राहिले. तिनं एकदा मान वळवली, आणि मग जी सुटली! मोरपिसं एकीकडं, झूल दुसरीकडं. लोक भिंतीला चिकटले. जीप रांगतेय आणि म्हैस पळतेय. शेवटी तिनं मागच्या फळीवर मुस्काट आपटलं आणि आत बघितलं.

"पळायला न्हाय, जेवायला आली ती!" हंबीरराव म्हणाला.

"आली न्हवं?" अंबूबाई म्हणाली. "तुम्ही तरी बिनजेवणाचं कुठं जातासा, भावजी?"

पण जीप रिकामी होती. चिमणीनं नाराजीनं फुरकन नाक उडवलं. घरी येऊन केरबा धारेला बसला तर तिनं पान्हा चोरला. थेंब देईना. अंबूबाई दारात उभी राहून हसत होती.

"बघताय काय? फसवलंय तुम्ही तिला. जावा आता."

सणाचा फेटा तसाच डोक्यावर ठेवून केरबानं जीप बाहेर काढली, आणि वैरणीला निघाला. अंबूबाई विळा घेऊन शेजारी बसली, आणि सवयीनं आधी काट्याकडं बघितलं.